भ्रमणध्वनीचे मौन

भ्रमणध्वनी हा शब्द ज्याने कोणी घडविला, त्याला या यंत्राचे पुढे काय होणार आहे याची कल्पना नसावी. ज्याच्या नावातच ध्वनी आहे, त्या यंत्राने सभेत, देवळात, स्मशानात आणि नाट्यगृहात ध्वनी करू नये अशी अपेक्षा पाच-सात वर्षांतच रूढ झाली. आमच्या मध्यप्रदेश शासनाच्या हिंदी नस्त्यांत त्याला ‘चलभाष’ म्हणत, तेही तितकेच विसंगत. कारण सभ्य माणसाचा चलभाष चारचौघांत बोलत नाही, नुसता थरथरतो. यंत्राने मालकाला न बोलता कसे सांगावे, या प्रश्नाला गेल्या तीस वर्षांत जी उत्तरे मिळाली त्यांतली काही चमत्कारिक आहेत. ती येथे नोंदवावी असा आमचा हेतू आहे. परंतु हा प्रश्न यंत्राबरोबर जन्मलेला नाही, म्हणून थोडे मागे जावे लागेल.

न बोलता सांगण्याची विद्या आपल्या भाषेला नवी नाही. ‘नेत्रपल्लवी’ हा शब्द आज केवळ शृंगाराच्या संदर्भात उरला आहे. ‘करपल्लवी’ तर बहुतेकांच्या विस्मरणात गेली. जुन्या मंडळींना ती येत असे. हाताची एक मुद्रा करून अक्षराचा वर्ग सांगावयाचा, नागाच्या फणेसारखा हात केला की स्वर, कमळासारखा केला की क-वर्ग, याप्रमाणे. मग तितकी बोटे दाखवून वर्गातले कितवे अक्षर ते सांगावयाचे. भरल्या पंगतीत दोघे जण अशा रीतीने अख्खे वाक्य बोलून मोकळे होत आणि मध्ये बसलेल्याला पत्ता लागत नसे. बाजारात याच विद्येचे रोकडे रूप होते. धान्याच्या आडतीवर दलाल आणि व्यापारी उपरण्याखाली हात घेऊन एकमेकांची बोटे दाबीत आणि भाव ठरवीत. या हत्ता पद्धतीत माल ज्याचा, त्या शेतकऱ्यालाच भाव कळत नसे. आमच्या राज्यात १९७२ च्या कृषी उपज मंडी अधिनियमाने उघड लिलाव आला तो याच गुप्ततेवर उपाय म्हणून. नोकरीच्या आरंभी मंडीच्या कामाशी आमचा संबंध आला, तेव्हा हत्ता कायद्याने गेला होता, पण जुन्या आडत्यांची बोटे गप्प बसलेली नव्हती. म्हणजे मुकी सूचना ही नेहमी सभ्यतेपोटीच असते असे नाही.

इंदूरमध्ये तिचे आणखी एक घर होते आणि ते गिरण्यांत. मालवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या भोंग्यांवर हे शहर उठत-बसत असे, हे आपल्यापैकी साठीपुढच्या सर्वांना स्मरत असेल. भोंगा साऱ्या शहराला ऐकू येई. पण ज्यांच्यासाठी तो वाजे त्यांतल्या पुष्कळांना हळूहळू ऐकू येईनासे होई. साचेखात्यात शेकडो माग एकदम चालत. तेथे शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून बोलणे ओठांच्या हालचालीवर आणि हातांवर चाले. बारा-पंधरा वर्षे त्या गदारोळात काढली की बाहेरच्या जगातही कान मिटत.

रामबागेत आमच्या लहानपणी शेजारी एक गृहस्थ राहात. साचेखात्यात जॉबर होते. रात्रपाळी असली म्हणजे दिवसा दार लावून झोपत आणि मग दार कितीही ठोठावले तरी त्यांना ऐकू जात नसे. त्यांच्या सुनेने एक युक्ती केली होती. दाराच्या फटीतून एक सुतळी आत घेतली होती आणि तिचे दुसरे टोक ते झोपताना पायाच्या अंगठ्याला बांधीत. बाहेरून सुतळी हलकेच ओढली की जॉबर उठून बसत. आम्हा पोरांना ती ओढण्याचा फार मोह होई, आणि एकदा ओढून पळालो त्याचे फळ वडिलांच्या हातून पाठीवर मिळाले. फार वर्षांनी थरथरणारा फोन प्रथम हाती घेतला तेव्हा आम्हाला त्या सुतळीची आठवण झाली होती.

आता टेलिफोनकडे वळू. त्याचा जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याची आई बहिरी होती आणि पत्नी मेबल हिचीही श्रवणशक्ती बालपणी तांबड्या तापात गेलेली होती. बेल स्वतः बहिऱ्या मुलांचा शिक्षक. आईशी बोलताना तो तिच्या कपाळाजवळ तोंड नेऊन सावकाश, खालच्या स्वरात बोले, म्हणजे आवाजाची कंपने तिला हाडांतून कळत, असे त्याचे चरित्रकार सांगतात. १८७६ साली त्याने टेलिफोनचे पेटंट घेतले. पण त्या पहिल्या यंत्राला घंटी नव्हतीच! पलीकडच्या माणसाला बोलवायचे तर यंत्रात ओरडावे लागे किंवा पडद्यावर टकटक करावी लागे. बेलचा सहकारी थॉमस वॉटसन याने आधी ठोका देणारी, मग गुणगुणणारी अशा युक्त्या करून पाहिल्या आणि १८७८ च्या सुमारास हाताने फिरवायच्या चुंबकयंत्रावर चालणारी घंटा बसविली. पुढची शंभर वर्षे टेलिफोन म्हणजे ती घंटा असे समीकरण झाले. ज्या घरात तो जन्मला त्या घरातल्या दोन्ही स्त्रियांना मात्र तो ऐकू येण्यासारखा नव्हता.

बहिऱ्यांच्या घरांत घंटीच्या जागी दिवा आला. फोन आला की खोलीतला दिवा लुकलुकावा अशी जोडणी होई. रॉबर्ट वाइटब्रेख्ट नावाच्या एका बहिऱ्या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६४ साली टंकयंत्रे फोनच्या तारेवर जोडून दाखविली आणि बहिरे लोक दूरवर परस्परांशी ‘बोलू’ लागले. तेथेही ‘फोन आला’ हे सांगणारा दिवाच. आम्ही कचेरीत आलो तेव्हा साहेबांच्या दारावर लाल दिवा पाहिला होता. तो लागला की आत जावयाचे नाही आणि विझला की जावयाचे. दिव्याला वर्दी देण्याचे काम लावण्याची ही पद्धत बहिऱ्यांच्या घरात अधिक निकडीने आणि आम्हा अधिकाऱ्यांच्या दारावर अधिक दिमाखाने चालत होती इतकेच.

३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसू यांनी कोलकात्याहून सुखराम यांना केलेला फोन हा भारतातला पहिला भ्रमणध्वनी संवाद. त्याच सुमारास खिशातले पेजरही देशात आले. आपल्या माळव्यात ही चैन नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात पोहोचली. सुरुवातीला तर येणाऱ्या फोनलाही पैसे पडत, आणि २००३ साली ते बंद झाले. पैसे वाचवण्याच्या या काळातच ‘मिस्ड कॉल’ आपल्याकडे रूढ झाला. एक घंटी म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे खाली ये. घंटी वाजते खरी, पण निरोप शब्दांवाचून पोहोचतो. करपल्लवीला हा वारसा खचित मान्य झाला असता.

थरथर फोनमध्ये आली ती पेजरमधून. १९९६ साली मोटोरोलाचा ‘स्टारटॅक’ हा मिटता फोन निघाला, तो अशा पहिल्या काही फोनांपैकी एक. तिची रचना अगदी साधी आहे. शेंगदाण्याएवढी एक मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला बसविलेले छोटे वजन. वजन मध्यावर नसल्यामुळे मोटर फिरू लागली की सारे यंत्र हेलकावते. आमच्या घरच्या जुन्या वॉशिंग मशीनमध्ये एका बाजूला चादर गोळा झाली की ते जसे स्वयंपाकघरभर चालू लागे, तेच हे तत्त्व. मिनिटाला दहा-बारा हजार फेरे म्हणजे सेकंदाला सुमारे दोनशे कंपने होतात. ही संख्या अंगाला चांगली मानवते. आपल्या त्वचेखाली कांद्यासारख्या पापुद्र्यांचे सूक्ष्म कण असतात. फिलिप्पो पाचिनी या इटालियन वैद्याने एकोणिसाव्या शतकात त्यांचे वर्णन केले, म्हणून ते त्याच्या नावाने ओळखले जातात. सेकंदाला अडीचशेच्या आसपास कंपने असली की हे कण सर्वांत जागरूक असतात. बेलच्या आईचे कपाळ आणि आमच्या सदऱ्याचा खिसा यांत फरक केवळ जागेचा.

परंतु थरथर रूढ होण्यापूर्वी आणि झाल्यावरही ज्या इतर युक्त्या निघाल्या त्या अधिक रंजक होत्या. २००० च्या पुढेमागे आपल्या जेल रोडवर फोनच्या दुकानांतून चिकटवायच्या चमकत्या टिकल्या आणि फोनला लोंबकळणारी लुकलुकती खेळणी मिळत. फोन येण्याच्या एक-दोन क्षण आधीच ती लखलखू लागत. त्यांत ना घडयाळासारखा सेल ना तारेची जोडणी. मग त्यांना फोन येतो हे कसे कळे? पोरे त्याला जादू म्हणत. खरा प्रकार असा होता. त्या काळचा फोन बोलावणे आले की मनोऱ्याला उत्तर देण्यासाठी रेडिओलहरी सोडी, त्याही सलग नव्हे, तर सेकंदाला २१७ तुकड्यांनी, आणि त्यांची ताकद दोन वॅटपर्यंत जाई. खेळण्यातली छोटी तार तीच शक्ती झेलून इवलासा दिवा पेटवी. घंटी वाजण्यापूर्वी हे उत्तर जात असल्याने दिवा आधी आणि घंटी मागाहून.

याच लहरींनी सभागृहांत एक वेगळीच वर्दी निर्माण केली. ध्वनिक्षेपकाजवळ कोणाचा फोन असला की कर्ण्यांतून ‘तडतड तडतड’ असा आवाज येई. तो त्या २१७ तुकड्यांचाच. आमच्या एका व्याख्यानात पहिल्या रांगेतील सज्जनांनी फोन अगदी निःशब्द ठेवला होता. घंटी नाही, थरथरही नाही. पण तो व्यासपीठाच्या कडेला, माइकच्या तारेपाशी ठेवलेला. मालक सोडून सबंध सभागृहाला त्यांचा फोन आल्याचे कळले. पुढे नव्या पिढीच्या जाळ्यांत या लहरींची धाटणी बदलली आणि ती तडतडही गेली, लुकलुकती खेळणीही गेली. आज नातवंडांना सांगितले तर खरे वाटत नाही.

कल्पनेच्या भराऱ्या तर याहून पुढे गेल्या. लंडनमधील जेम्स ऑगर आणि जिमी लोइझो या दोघा अभिकल्पकांनी २००२ साली दाढेत बसवायच्या फोनाची संकल्पना मांडली. निरोप यावा तो दाढेच्या थरथरीतून, जबड्याच्या हाडामार्गे थेट कानात. प्रत्यक्षात ती केवळ विचार चाळवण्यासाठी केलेली प्रतिकृती होती, पण वर्तमानपत्रांनी ती खरीच मानून डोक्यावर घेतली. २००६ साली सोनी एरिक्सनने फोन आला की मनगटावर थरथरणारे घड्याळ काढले. अ‍ॅपलच्या २०१५ च्या घड्याळात फिरत्या मोटरीच्या जागी पुढे-मागे सरकणारे वजन आले, त्यामुळे थरथर न वाटता कोणी बोटाने मनगटावर हळूच टिचकी मारावी तसे वाटते. हैदराबादच्या एका कंपनीने २०१४ साली ‘लेचल’ नावाची पादत्राणे आणली. ती फोनकडून रस्ता विचारून घेतात आणि डावीकडे वळायचे तर डावा पाय, उजवीकडे तर उजवा पाय थरथरवतात. मूळ कल्पना दृष्टिहीनांसाठी होती.

आम्हाला सर्वांत विलक्षण वाटली ती नोकियाची. २०१२ साली त्या कंपनीचा एक पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाला. चुंबकीय गुण असलेली शाई त्वचेत गोंदावी किंवा तिची टिकली अंगावर चिकटवावी. फोन आला की यंत्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करील आणि गोंदलेली जागा थरथरेल. माणसागणिक थरथरीचा नमुना निराळा. पुढे ती वस्तू बाजारात आली नाही. पण वाचताना आमच्या आजीच्या हातावरचे हिरवे गोंदण डोळ्यांपुढे आले. तुळशीवृंदावन आणि दोन ठिपके. मेल्यावर बरोबर येते ते एवढेच, असे ती म्हणे. नोकियाच्या संशोधकांना गोंदणाचा हा अर्थ ठाऊक असण्याचे कारण नाही, आणि तो अर्थ मनात धरला तर त्या जागी सासूरवाडीचा फोन थरथरणे कोणाला रुचेल?

एवढ्या युक्त्या हाताशी असूनही घंटी वाजतच राहिली. मराठी रंगभूमीने याचा मोठा ताप सोसला आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या कालिदास कलामंदिरात सुमीत राघवन यांनी ‘नॉक नॉक सेलिब्रिटी’चा प्रयोग प्रेक्षकांच्या फोनमुळे मध्येच थांबविला, आणि त्याच वर्षी जुलैत सुबोध भावे यांनी फोन असेच वाजत राहणार असतील तर नाटकात काम करणे सोडू असे उद्वेगाने लिहिले. नाट्यगृहांत जॅमर बसवावेत अशी मागणीही झाली. जॅमर खाजगी संस्थेला आपल्या मर्जीने लावता येत नाही, हे एक. आणि तो लागला तर घंटीबरोबर थरथरही मरते, हे दुसरे. तिसऱ्या रांगेत बसलेल्या प्रसूतितज्ज्ञ बाईंनी मग करावे काय? इंदूरला सानंदच्या प्रयोगांपूर्वी फोन बंद ठेवण्याची विनंती होते आणि आपले प्रेक्षक ती बऱ्यापैकी पाळतात, असा आमचा अनुभव आहे. बऱ्यापैकी हा शब्द आम्ही मोजून वापरला आहे.

या वादात आपण ऐकू येणारी मंडळी निःशब्द वर्दीला शिष्टाचार समजतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचे काय, हे इंदूरकरांना तरी वेगळे सांगावयास नको. तुकोगंज पोलीस ठाण्यात मूकबधिरांसाठी सहाय्यता केंद्र आहे आणि सांकेतिक भाषेतून त्यांच्या तक्रारी समजून घेतल्या जातात, ही या शहराची भूषणावह गोष्ट. मूकबधिर तरुणांच्या हाती आज जो फोन दिसतो तो चित्रसंवादासाठी. समोर धरून हातांनी बोलतात. पण समोर धरण्याआधी फोन आल्याचे कळावयास हवे, आणि ते कळते थरथरीने किंवा कॅमेऱ्याच्या दिव्याच्या लखलखाटाने. २०११ पासून आयफोनमध्ये ही दिव्याची सोय आहे. उशीखाली ठेवावयाच्या थरथरत्या चकत्याही मिळतात. आमच्या जॉबरकाकांच्या सुतळीचे काम त्या करतात.

येथे आम्हाला स्वतःची एक गोष्ट सांगणे भाग आहे. २०१६ च्या हिवाळ्यात आम्ही एका नाटकाला गेलो होतो. शिष्टाचाराप्रमाणे फोन मुका करून खिशात ठेवला. प्रयोग रंगला, घरी आलो, जेवलो, आणि फोन पूर्ववत करावयाचे विसरून तो पलंगावर गादीच्या कडेला ठेवून झोपलो. आमचे थोरले बंधू तेव्हा देवासला असत. त्या रात्री साडेअकराला त्यांना अस्वस्थ वाटू लागले. पुतणीने आम्हाला अकरा वेळा फोन केला. अकराही वेळा ते यंत्र इमानाने थरथरले असणार. पण कापसाच्या गादीने ती सगळी थरथर गिळली. थरथर पोहोचावी म्हणून खाली काही कठीण लागते, नाहीतर अंग लागते. मऊ वस्तूंना ती सांगता येत नाही. घरातला जुना दूरध्वनी आम्ही त्याच वर्षी, आता कशाला हवा म्हणून, काढून टाकला होता. पहाटे साडेपाचला शेजाऱ्यांनी दार वाजविले. देवास ते काय, पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण आम्ही पोहोचलो तेव्हा दादांची वाचा गेलेली होती. त्यांनी आमच्या हाताची बोटे दोनदा दाबली. काय सांगावयाचे होते ते कळले नाही. लहानपणी करपल्लवी त्यांनीच शिकविली होती आम्हाला, पण त्या दोन दाबांवरून अक्षर काही जुळेना.

तेव्हापासून आमच्या फोनची रात्रीची जागा ठरली आहे. तिपाईवर स्टीलची ताटली, ताटलीत फोन. थरथर झाली की ताटली असा काही खणखणाट करते की सौभाग्यवती दचकून उठतात; त्यांना हा प्रकार मुळीच पसंत नाही. मध्यंतरी आमच्याही कानांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी तपासून उंच स्वर ऐकू येत नाहीत असे सांगितले, आणि फोनच्या घंट्या नेमक्या उंच स्वरातल्या. मुलाने मग मनगटी घड्याळ आणून दिले. ते आम्ही झोपतानाही काढत नाही.

त्यात एक नवी पीडा निघाली. फोन आलेला नसताना तो थरथरल्याचा भास होतो. हा आमचाच भ्रम असेल असे वाटले होते, पण मॅसॅच्युसेट्समधील एका रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली होती. तीत उत्तर देणाऱ्या १६९ जणांपैकी ६८ टक्क्यांनी असा भास होत असल्याचे सांगितले. मेंदू वर्दीची इतकी वाट पाहात असतो की कापडाची सळसळ किंवा स्नायूचे फुरफुरणे त्याला थरथरच वाटते. हे सारे समजते. तरीही रात्री अडीच-तीनला मनगटावर काहीसे हलते, आम्ही उठून दिवा लावतो, चष्मा शोधतो आणि घड्याळ पाहतो. कोणाचाही फोन आलेला नसतो. मग ताटलीतला फोनही एकदा उचलून पाहतो आणि दिवा मालवतो.